फुतामारूचे हेल्मेट

सेकिकावा तामोत्सु यांच्या टेबलाच्या वरच्या खणात तीन रंगांच्या पेन्सिली असत. डावीकडे हिरव्या, मध्ये पिवळी, उजवीकडे लाल. हिरवी दर दोन महिन्यांनी संपायची. पिवळीला वर्षातून एक-दोनदा टोक काढावे लागे. लाल पेन्सिल बावीस वर्षांपूर्वी भांडारातून सही करून आणलेली होती आणि तिला अजून एकदाही टोक काढलेले नव्हते.

त्सुबामे गावाच्या कडेच्या त्या कारखान्यात स्टीलच्या भांड्यांची झाकणे तयार होत. आत शिरल्याशिरल्या समोरच्या भिंतीवर अधिक चिन्हाच्या आकाराचा एक तक्ता होता. त्यात महिन्याच्या एकतीस चौकटी. रोज संध्याकाळी पाच वाजता सेकिकावासान खुर्चीतून उठत, टोपी नीट करत आणि त्या दिवसाची चौकट रंगवत. काही घडले नाही तर हिरवी. खरचटले, कापले, पट्टी लावून भागले तर पिवळी. डॉक्टरकडे न्यावे लागले आणि माणूस घरी बसला तर लाल. खाली एक आकडा लिहिलेला असे, सलग किती दिवस अपघात झाला नाही त्याचा. रोज सकाळच्या हजेरीला दीडशे माणसे त्या आकड्याकडे बोट रोखून एका सुरात ओरडत, "शून्य अपघात, ठीक!" आणि एकमेकांना "सुखरूप राहा" म्हणून कामाला लागत.

आता, जिथे रोज पत्रा कापला जातो तिथे बावीस वर्षांत कोणाला काही झालेच नाही असे कसे होईल? झाले होते. अकरा वर्षांपूर्वी ताकिझावा नावाचा माणूस माल चढवायच्या ओट्यावरून पडला आणि त्याचे उजवे मनगट मोडले. त्या वेळच्या कारखानाप्रमुखांनी सेकिकावासानना बोलावून सांगितले, "तो घरच्या जिन्यावरून पडला." सेकिकावासाननी मान लववली आणि पाच वाजता चौकट हिरवी केली. ताकिझावा पुढच्या वर्षी नोकरी सोडून गेला. हल्ली तो स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात गिऱ्हाइकांनी सोडून दिलेल्या ढकलगाड्या गोळा करतो, डाव्या हाताने. सेकिकावासान तेव्हापासून चार किलोमीटर लांबच्या सुपरमार्केटात जातात. बायको विचारते, तेव्हा तिथला टोफू चांगला आहे म्हणतात.

गंमत अशी, की ताकिझावाचा अपघात कारखान्याच्या नोंदवहीत मात्र जसाच्या तसा लिहिलेला होता. तारीख, वेळ, जागा, हाड, डॉक्टर, रजेचे दिवस. कारण नोंदवहीला रकाने होते, आणि रकाना मोकळा सोडणे या कारखान्यात कोणाच्याच रक्तात नव्हते. तोंडाने माणूस काहीही बोलेल, पण छापील रकान्यात खोटे लिहायला त्याचा हात धजत नाही. शिवाय नोंदवही कोणी वाचत नसे. जी वही कोणी वाचत नव्हते तीत सगळे खरे होते, आणि जो तक्ता सगळे पाहत होते त्यावर फक्त हिरवे.

हे असेच चालले असते, पण त्या वर्षीच्या एप्रिलात तोक्योच्या मुख्य कचेरीतून परिपत्रक आले. भिंतीवरच्या तक्त्याच्या जोडीला प्रत्येक कारखान्याने दरवाज्यात टीव्ही लावावा. त्यावर कंपनीचा लाडका फुतामारू दाखवावा. फुतामारू म्हणजे हात, पाय आणि डोळे असलेले एक गोल झाकण, डोक्यावर हेल्मेट. आदल्या दिवसाच्या स्थितीप्रमाणे हे हेल्मेट हिरवे, पिवळे किंवा लाल व्हावे, आणि ते आपोआप व्हावे. काम एक्सेलमध्येच करावे. मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा, वापरण्यास मात्र सक्त मनाई. कधी तरी कुठल्याशा शाखेत मॅक्रोवाली फाईल उघडल्यावर अख्ख्या मजल्याचे संगणक बंद पडले होते, तेव्हापासून ही बंदी होती.

एक्सेलमध्येच का, हे कोणी विचारले नाही. इथे पत्र लिहायचे तर एक्सेल, क्रीडादिनाच्या मैदानाचा नकाशा काढायचा तर एक्सेल, निरोपसमारंभात कोणी कोणाशेजारी बसायचे तेही एक्सेलमध्ये.

कारखानाप्रमुख उसुई यांनी परिपत्रक सेकिकावासानच्या टेबलावर ठेवले.

"सेकिकावासान, मार्चमध्ये निवृत्त होताय ना? जाता जाता एवढं करून जा."

"साहेब, एक्सेलच्या चौकटीला, म्हणजे सेलला, अट घालता येते. आकडा दोन आला की सेल लाल हो, असं सांगता येतं. पण आकृतीला तसं सांगता येत नाही. आकृती हातानेच रंगवावी लागते."

"आपोआप म्हटलंय."

"मॅक्रो चालेल का?"

"नाही म्हटलंय."

"मग होणार नाही."

"होणार नाही असं कुठे म्हटलंय?" उसुई म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

सेकिकावासान वाणिज्य शाळेत शिकलेले. बेरीज जुळली नाही तर त्यांना जेवण जात नसे. तीन आठवडे ते हेल्मेटवर टिचक्या मारत बसले. हेल्मेटच्या आत सूत्र लिहून पाहिले, तर हेल्मेटवर "२" असा आकडा उमटला. रंग बदलला नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी बायको मासुए त्यांना महामार्गावरच्या थांब्यावर भाजी घ्यायला घेऊन गेली. तिथे दाराशी लाकडी फळीवर रंगवलेला भाताच्या पेंढीवर बसलेला सामुराई उभा होता. तोंडाच्या जागी भोक. मासुएने मागून तोंड घातले.

"अहो, काढा की फोटो! नुसतं बघताय काय? माझं तोंड पाहिलं नाही कधी?"

सेकिकावासान फोन हातात धरून तसेच उभे राहिले. सामुराईचे अंग फळीवर होते आणि तोंड मागच्या माणसाचे. मागचा माणूस हसला की सामुराई हसत होता.

"भोक," ते म्हणाले.

"काय?"

"हेल्मेट रंगवायचंच नाही. भोक पाडायचं."

मासुएने फळीतून तोंड काढले आणि शेजारी मुळे निवडणाऱ्या बाईला म्हणाली, "छत्तीस वर्षं झाली लग्नाला. अजून समजलं नाही हा माणूस काय बोलतो ते."

सोमवारी काम झाले. सेकिकावासाननी फुतामारूचे पांढऱ्या पाठीवरचे चित्र घेतले, त्यातले हेल्मेट कापून काढले आणि ते चित्र सेलवर ठेवले. मागच्या सेलना अट घातली: नोंदवहीत शून्य असेल तर हिरवा, एक असेल तर पिवळा, दोन असेल तर लाल. भोकातून मागचा रंग दिसू लागला. फुतामारूला हेल्मेट नव्हते. होती ती नोंदवहीकडे उघडणारी खिडकी. सलग दिवसांचा आकडाही त्यांनी नोंदवहीलाच जोडून दिला.

मंजुरीच्या कागदात त्यांनी हे सारे लिहिले. चौथ्या पानावर, सहाव्या कलमात स्पष्ट होते: "रंग नोंदवहीतील मूल्यावरून ठरेल. हाताने बदलता येणार नाही." कागद सात जणांकडे फिरला; इथे सहीच्या जागी ज्याचा त्याचा नावाचा शिक्का लागे. पाच शिक्के इथले, दोन तोक्योचे. प्रत्येकाने आपला शिक्का वरच्या साहेबाच्या शिक्क्याकडे किंचित झुकवून मारला, जसे वाकून नमस्कार करावा. सातही शिक्के सुबक होते. चौथे पान कोणीही उलटले नाही.

महिनाभर हेल्मेट हिरवे राहिले. सेकिकावासाननी पूर्वीच्या तारखा घालून आकडा जुळवताना ताकिझावाची ओळ पाहिली होती. तिथे त्यांनी हात आखडता घेतला. नोंदवही नव्या फाईलमध्ये उतरवायची ती याच वर्षीच्या एक एप्रिलपासून, असे परिपत्रकात होतेच. मागचे दिवस तक्त्यावरून धरायचे. ते परिपत्रकामागे लपले आणि लपल्याचे त्यांना कळलेही.

एक जुलैला देशभरचा सुरक्षा सप्ताह सुरू होणार होता, आणि जुळवून आणल्यासारखा कारखान्याचा आठ हजारावा बिनअपघाताचा दिवस त्याच दिवशी येत होता. तोक्योहून संचालक स्वतः चौकटीत बसवलेले मानपत्र घेऊन येणार होते. दरवाज्यात लाल-पांढरा पडदा लागला.

तीस जूनला सकाळी दहा चाळीसला दाबयंत्रात तोबे नात्सुए यांची दोन बोटे चेंगरली.

तोबेसान एकसष्ट वर्षांच्या, एकोणीस वर्षे त्याच यंत्रावर, दर वर्षी नव्या करारावर. विभागप्रमुख मोगी यांनी रुग्णवाहिका बोलावली नाही. सायरन लांबवर ऐकू जातो. स्वतःच्या गाडीतून नेले आणि वाटेत समजावले, "तोबेसान, डॉक्टर विचारतील. घरी खिडकीत सापडली म्हणा. कार्डही नेहमीच्या आजारपणाच्या विम्याचंच दाखवा, कामावरच्या अपघाताचे कागद नकोत. नोव्हेंबरात करार आहेच ना तुमचा, मी बघतो." तीन टाके पडले, एका बोटाच्या हाडाला चीर. डॉक्टर म्हणाले, चार दिवस हात हलवू नका, पुढे शस्त्रक्रिया लागेल की नाही ते मग पाहू.

मोगी परत आले आणि संगणकासमोर बसून नोंदवहीचे सारे रकाने भरले. वेळ दहा चाळीस. टाके तीन. रजा चार दिवस. श्रेणी दोन. शिक्का. ते अतिशय व्यवस्थित माणूस होते. संध्याकाळी पाचला तेच मोगी सेकिकावासानच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "आज हिरवाच, हं."

सेकिकावासान तक्त्यापाशी गेले, खिशात चाचपले आणि म्हणाले, "पेन्सिल विसरलो. उद्या सकाळी रंगवतो." बावीस वर्षांत पेन्सिल ते प्रथमच विसरले होते.

एक जुलैला सकाळी साडेसातला मोगींच्या गाडीतून तोबेसान आल्या. घरी बसल्या असत्या तर तो रजेचा दिवस झाला असता. म्हणून त्यांना सेकिकावासानच्या समोरच्या खुर्चीवर बसवले आणि सुरक्षा सप्ताहाची पत्रके घडी घालायला दिली. एका हाताने.

"दुखतंय का?" सेकिकावासाननी विचारले.

"खिडकीत सापडल्यावर दुखणारच," तोबेसान म्हणाल्या. "आमची खिडकी चाळीस टनांची आहे ना."

आठला टीव्ही सुरू झाला. फुतामारू दोन्ही हात वर करून हसत होता. हेल्मेट लालभडक. खाली, जिथे आठ हजार यायचे होते, तिथे होता एक.

उसुई धावत आले. "हे काय? मोगी! सेकिकावासान! हिरवं करा आधी, दहाच्या गाडीने संचालक येताहेत!"

मोगींनी टीव्हीला जोडलेल्या संगणकाला हात न लावता, शहाणपणा करून, फाईलची प्रत आपल्या संगणकावर उघडली. फुतामारू निवडला, हिरवा रंग दिला. फुतामारूचे तोंड हिरवे झाले. हात-पाय हिरवे झाले, पाठीमागची पांढरी जागा हिरवी झाली. हेल्मेट लालच.

"हे तर आणखी भयानक दिसतंय," उसुई म्हणाले. "आजारी पडल्यासारखं. हेल्मेटवर टिचकी मार ना!"

"मारतोय साहेब. लागतच नाही. हेल्मेट कुठाय?"

"नाही," सेकिकावासान म्हणाले. "तिथं भोक आहे."

"भोक?"

"चौथं पान, सहावं कलम."

तेवढ्यात मोगींना आणखी एक सुचले. ते पडद्याच्या सजावटीतला हिरवा पारदर्शक कागद घेऊन आले आणि टीव्हीच्या काचेवर हेल्मेटपुरता चिकटवला. लालावर हिरवा कागद बसला आणि हेल्मेट काळे झाले. हसरा फुतामारू सुतकात बसलेला दिसू लागला.

"काढ ते!" उसुई ओरडले. "चित्रच बदला मग. हिरवं हेल्मेट काढून वर बसवा."

"चित्र मंजूर झालेलं आहे साहेब. बदलायचं तर पुन्हा सात शिक्के. त्यातला सातवा दहाच्या गाडीत बसलाय."

"आणि आकडा?"

"आकडा बदलायला एकच शिक्का लागतो. बदलणाऱ्याचा."

एकच शिक्का म्हणजे एकच माणूस. सात शिक्क्यांत कोणीच सापडत नाही, एका शिक्क्यात मात्र माणूस नावानिशी उभा राहतो. उसुईंनी मोगींकडे पाहिले. मोगींनी आपण कालच त्या ओळीवर शिक्का मारल्याचे सांगितले. चोवीस तासांत स्वतःलाच खोटे पाडणे बरे दिसणार नाही. मग दोघांनी सेकिकावासानकडे पाहिले.

"तुम्ही मार्चला जाणार," उसुई मऊ आवाजात म्हणाले. "तुम्हाला काय फरक पडतो?"

"लिहून टाका ना, सेकिकावासान," तोबेसान पत्रकांवरून मान न उचलता म्हणाल्या. "माझा नोव्हेंबर आहे. बोटं काय, आणखी आठ आहेत."

सेकिकावासाननी बदलाचा फॉर्म काढला, पेन उघडले आणि सुवाच्य अक्षरांत लिहायला सुरुवात केली. तारीख. ओळ क्रमांक. जुने मूल्य, दोन. नवे मूल्य, शून्य. मग थांबले.

"कारण काय लिहू, साहेब?"

"लिहा, नोंदीत चूक."

"चूक कशात? श्रेणीत, की टाक्यांत? टाके तीन आहेत. शून्य टाक्यांना डॉक्टरांचं नाव कसं लागेल? ते खोडायचं तर दुसरी ओळ. रजा चार दिवस, त्याला तिसरी. तिन्हींना वेगवेगळं कारण लागेल. आपण सांगा, मी लिहितो."

"काहीही लिहा हो!"

"काहीही असा रकाना नाही. आणि हा बघा खाली आहे, 'सूचना देणाऱ्याचा शिक्का'. इथं आपला लागेल."

उसुईंचा हात खिशातल्या शिक्क्याकडे गेला. तिथेच राहिला. एव्हाना दहा वाजून गेले होते; बाहेर टॅक्सीचे दार वाजले.

संचालक लाल-पांढऱ्या पडद्यातून आत आले, मानपत्र धरलेला माणूस मागे. टीव्हीसमोर येऊन ते थांबले. उसुई कमरेत इतके वाकले की त्यांचा चेहरा दिसेना. संचालकांनी लाल हेल्मेट पाहिले, जवळ गेले, चष्मा वर केला.

"बदललं!" ते म्हणाले. "उसुईकुन, हे बदलतं! अकरा कारखाने पाहून आलो. सगळीकडे हिरवंच. मला वाटलं सूत्रच चालत नाहीये. मॅक्रो नाही ना वापरला?"

"नाही, नाही," उसुई हळूहळू सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "मुद्दामच लाल करून ठेवलं, साहेब. आपण येणार म्हणून. प्रात्यक्षिक."

"वा! कोणी केलं हे?"

सेकिकावासान पुढे झाले. आता नुसते वाकायचे, आभार मानायचे आणि संचालक जेवायला गेले की पुढचे बघायचे. सारे सोपे होते. अकरा वर्षांपूर्वीही असेच सोपे होते.

"प्रात्यक्षिक नाही, साहेब," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःला अनोळखी वाटला. "या तोबेसान. काल सकाळी दहा चाळीस, दाबयंत्र क्रमांक तीन. तीन टाके, हाडाला चीर, चार दिवस रजा. आज त्या इथं आहेत, पण त्या घरी असायला हव्यात."

तोबेसान उठून उभ्या राहिल्या, पट्टी बांधलेला हात पाठीमागे लपवत. संचालकांनी त्यांच्याकडे पाहिले, मग टीव्हीकडे, मग मानपत्राकडे.

"घरी पाठवा यांना," शेवटी ते म्हणाले. मग सेकिकावासानना, "आणि कामावरच्या अपघाताचे कागद आजच भरा. नोंदवहीत लिहिलंच आहे म्हणता तर आता दुसरं करता येतं का काही?" शेवटचे वाक्य त्यांनी असे विचारले, की कोणी 'येतं' म्हणाले असते तर त्यांना चालले असते.

"येत नाही," सेकिकावासान म्हणाले.

मानपत्र आले तसे टॅक्सीतून गेले. दुपारी सेकिकावासाननी तोबेसानचे अकरा पानी कागद भरले, एकही रकाना न सोडता. तोबेसाननी डाव्या हाताने शिक्का मारला. तो जरा तिरका पडला.

"कोणाकडे झुकलाय हो हा?" त्यांनी विचारले.

"खिडकीकडे," सेकिकावासान म्हणाले. त्या इतक्या हसल्या की हात दुखला.

नोव्हेंबरात त्यांचा करार पुढे चालू राहिला. कामावर जायबंदी झालेल्या, उपचार चालू असलेल्या बाईला काढायचे तर कारणाच्या रकान्यात काय लिहायचे, हे कोणाला सुचले नाही.

त्याआधी ऑगस्टमध्येच नवे परिपत्रक आले. सर्व कारखान्यांनी फुतामारूच्या हेल्मेटमधील भोक बुजवावे. पुढे हेल्मेटचा रंग कारखानाप्रमुखांनी परिस्थितीचा साकल्याने विचार करून हाताने द्यावा. मॅक्रो वापरू नये.

पण ते ऑगस्टमध्ये. एक जुलैच्या संध्याकाळी पाच वाजता सेकिकावासाननी उजवीकडची पेन्सिल काढली. लाकूड इतके सुकले होते की टोक दोनदा मोडले. भिंतीवरच्या तक्त्यावर जूनची तीस तारीख त्यांनी लाल केली. आकडा पुसून एक लिहिला. मग ते अभिलेखांच्या कपाटाकडे गेले, जिथे जुने तक्ते महिन्यावार लावलेले होते, त्यांनीच लावलेले. अकरा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर काढला, चौदा तारखेची हिरवी चौकट शोधली आणि तिच्यावर लाल फिरवला. हिरव्यावर लाल बसून रंग तपकिरी झाला, चहाच्या डागासारखा. याला कोणाची मंजुरी नव्हती, शिक्काही नव्हता. त्यांनी तक्ता क्रमाने पुन्हा जागेवर ठेवला. मग नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या पानाची प्रत काढली आणि प्रत दिल्याच्या वहीत लिहिले: ताकिझावा यांच्यासाठी.

घरी जाताना मासुएचा फोन आला, टोफू आणायला सांगायला.

"स्टेशनजवळून आणतो," ते म्हणाले.

"तिथला आवडत नाही ना तुम्हाला?"

"खाऊन कुठे पाहिलाय," सेकिकावासान म्हणाले आणि त्यांनी गाडी स्टेशनाकडे वळवली.